शिळेचे डावे कान

१

नायब मुकादम पेन्नुबच्या नवसाच्या शिळेचे कान कुणीतरी खरवडून नेले, ही बातमी वेर्नुरोला कांदे निवडताना कळली. सांगायला खुद्द पेन्नुबच आला. एक हात पोटावर, दुसरा दाराच्या चौकटीला टेकलेला आणि चेहरा कण्हेरीच्या फुलासारखा पिवळा.

"जाणते, ऊठ. माझा खून झालाय."

"झालाय? मग तू उभा कसा?"

"होतोय म्हण हवं तर! कालपासून पोटात सुऱ्या फिरतायत. आणि आज सकाळी कळलं का ते."

वेर्नुरोनं कांद्याची टोपली बाजूला सारली. राजांच्या थडग्यांवर राबणाऱ्या कारागिरांची ती वस्ती. वेर्नुरो तिथल्याच एका पाथरवटाची विधवा. वस्तीत तिला सगळे जाणती म्हणत. कुणाचं दुखलं, कुणाचं हरवलं, कुणाला वाईट स्वप्न पडलं, की माणसं तिच्याकडे येऊन विचारत, कोणता देव रागावलाय? वेर्नुरो देवाचं नाव सांगे. पण त्याआधी काय खाल्लं आणि कुणाशी भांडलात हे ती विचारून घेई, आणि बहुतेक वेळा देवापर्यंत जायची गरजच पडत नसे.

दोघं शिखराच्या वाटेनं चढू लागले. वेर्नुरो पुढे, आणि मरायला टेकलेला पेन्नुब कण्हत मागे.

शिखराखालच्या कपारीत देवीचं ठाणं होतं. देवीचं नाव मेरेतसेगर. त्याचा अर्थ शांतता आवडणारी. पण वस्तीत सगळे तिला नुसतं 'शिखरावरची' म्हणत. कपारीत नवसाच्या शिळा दाटीवाटीनं उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे, ऐन मोक्याच्या जागी पेन्नुबची शिळा होती. वर वेटोळं घालून बसलेली, बाईच्या मुखाची नागीण, म्हणजे देवीच. तिच्याखाली कानांच्या जोड्या, एकीखाली एक, हिरव्या रंगात रंगवलेल्या. देवीनं ऐकावं म्हणून शिळेवर कान कोरायचे, ही सगळ्यांचीच रीत. तळाशी पेन्नुबचं नाव आणि त्याचं मागणं होतं. त्याला मूल हवं होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता.

आता प्रत्येक जोडीतला एकच कान शिल्लक होता. दुसऱ्याच्या जागी पांढरा खळगा.

चितारी नेब्रे तिथंच उभा होता. सकाळी हे पहिल्यांदा त्यानंच पाहिलं होतं; त्याआधी तीन-चार दिवस वर कुणी फिरकलंच नव्हतं.

"सगळे डाव्या हाताचे," तो दबल्या आवाजात म्हणाला. "डावेच कान तेवढे नेलेत."

वेर्नुरोनं पाहिलं. खरंच, डाव्या हाताकडचा एकूण एक कान गेला होता. उजवीकडच्यांना ओरखडाही नव्हता. माणसाच्या उजव्या कानातून जगण्याचा श्वास आत जातो आणि डाव्या कानातून मरणाचा, हे वस्तीत पोराटोरांनाही ठाऊक होतं.

"मरणाचे कान," पेन्नुब म्हणाला. "त्यांची पूड करून माझ्या दारूत घातलीय. कुणी, तेही सांगतो. कासानं!"

"तुझ्या साडूनं?"

"कसला साडू! उद्या देवराजाची पालखी निघेल. मी पालखीसमोर त्याचं नाव घेणार आहे. पालखी पुढे सरकली की त्याची वस्ती सुटली."

पालखी पुढे सरकली तर देवाचा होकार, मागे हटली तर नकार. आणि पालखीचे खांदेकरी निम्म्याहून जास्त पेन्नुबच्याच हाताखाली काम करणारे. पालखी कुठे सरकणार हे सांगायला जाणती कशाला हवी होती?

२

कासा आपल्या दारात बसून दगडाचा कुंडा कोरत होता. हात चालत होते, पण लक्ष वरच्या गच्चीकडे होतं. गच्चीवर वेलींनी शाकारलेल्या आडोशात त्याची बायको शेरीरे बाळंतीण होती. तिथं पुरुषांना जायची बंदी. वरून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता.

"ऐकतेयस ना?" कासा म्हणाला. "दोन दिवस झाले, नुसता गळा काढतोय."

वेर्नुरो हसली. हे मूल तिच्याच हातावर जन्मलं होतं. निळं, गप्प, ओल्या चिंधीसारखं. नंतरही ते अंगावर पीत नव्हतं. हे राहत नाही, असं तिनं मनात धरलं होतं. पण परवापासून ते प्यायला लागलं होतं.

"कासा, तुझ्यावर काय आळ आहे ते कळलं ना?"

"कळलं. कपारीजवळ फिरकू नकोस म्हणून सकाळीच निरोप आला." त्यानं छिन्नी खाली ठेवली. "अगं, ती शिळा मी कोरलीय. ते कान कोरताना शेजारच्या सगळ्यांचे कान धरून बघत होतो मी, माहितीय? आणि तो पेन्नुब भर पंगतीत म्हणतो, देवी आहे का गाढवीण?"

"मग तू काय म्हणालास?"

कासानं मान खाली घातली. "म्हणालो, तुझं मागणं तिनं ऐकूच नये."

"सगळ्यांच्या देखत?"

"प्यायलो होतो गं."

"छान. कशानं फोडायचं ते तेवढं सांगायचं राहिलं म्हणायचं."

"फोडायचं असतं तर एक घाव घातला असता! खरवडत कोण बसतंय? आणि उद्या पालखी पुढे आली, तर ही ओली बाळंतीण घेऊन मी जाऊ कुठे? नदीपलीकडे माझं कोण आहे? पोराला आता कुठे धुगधुगी आलीय. त्या पेन्नुबनं तर आपल्या बायकोला, तबाकीलासुद्धा आमचा उंबरा बंद केलाय. सख्खी बहीण बाळंत झाली, तरी तिनं यायचं नाही. असला माणूस!"

वेर्नुरो तिथून नेब्रेकडे गेली. तो अंगणात रंग खलत होता.

"नेब्रे, इतक्या सकाळी तू कपारीत कशाला गेला होतास?"

"देवीला नमस्कार करायला."

"रोज जातोस?"

"रोज नाही."

"मग?"

नेब्रेनं इकडेतिकडे पाहिलं. "हे बघ जाणते, तिथं पुढची जागा माझ्या बापाच्या शिळेची होती. पेन्नुब नायब झाला आणि आमची शिळा गेली मागच्या कोपऱ्यात, चिचुंद्रीच्या बिळापाशी. मी फक्त... ती थोडी पुढे सरकवायला गेलो होतो."

"आणि त्याची थोडी मागे?"

"अगदी थोडी. पण हात लावायच्या आधीच कान दिसले. देवाशपथ!"

"खाली काय पडलं होतं?"

"काहीच नाही. कपचा नाहीत, भुगा नाही. कुणी पदरानं झाडून घ्यावं तशी स्वच्छ जमीन."

निघताना वेर्नुरोची पावलं जरा थबकली. दगड विद्रूप करायला आलेला माणूस मागं झाडलोट करत बसत नाही.

३

पेन्नुबच्या दाराशी एक मांजर बसलं होतं आणि काही केल्या हलत नव्हतं. वेर्नुरोनं त्याच्याकडे पाहिलं, मग हवेत नाक वर करून एकदा हुंगलं, आणि आत गेली.

पेन्नुब आतल्या खोलीत विव्हळत पडला होता. बाहेरच्या खोलीत तबाकी त्याच्यासाठी पातळ पेज करत होती. तिचे डोळे लाल झाले होते आणि त्यांत सुरमा नव्हता. एरवी सुरमा घातल्याशिवाय ती पाणवठ्यावरसुद्धा जात नसे.

"रडत होतीस?"

"चूल धुरकटलीय."

"तुला काय वाटतं, कासानं केलं असेल?"

तबाकीनं पेज ढवळणं थांबवलं नाही. "तो बडबडतो. पण तो असं करणार नाही."

"तिची बहीण ना तिकडे!" आतून पेन्नुब ओरडला. "बाजू घेणारच! इकडे नवरा मरतोय!"

वेर्नुरो आत गेली, वासाच्या रोखानं धान्याच्या रांजणाकडे एकदा पाहिलं आणि त्याच्या उशाशी बसली. "पेन्नुब, मूल होईपर्यंत मासळी खाणार नाही, असं तू देवीसमोर बोलला होतास ना?"

"हो. का?"

"दाराशी मांजर कुणाचं?"

विव्हळणं एकदम थांबलं.

"धान्याच्या रांजणामागे काय ठेवलंयस? काढू बाहेर?"

"हळू बोल!" पेन्नुब कुजबुजला. "सणातली खारवलेली मासळी होती. एक घडा. फेकून द्यायचं जिवावर आलं."

"अख्खा घडा?"

"तळाशी थोडी उरलीय."

"या उन्हात! मग पोटात सुऱ्या नाही तर काय कमळं फुलतील?"

"पण मग कान?" तो कोपरावर उठून बसला. "कान कुणी नेले? ते तर मी खाल्ले नाहीत! डावे कान नेलेत, जाणते. कुणाचं तरी मरण कुणीतरी मागतंय. माझं नसेल तर कुणाचं?"

पोट मासळीनं दुखत होतं, हे खरं. पण कान गेले होते, हेही खरंच होतं.

दुपार कलल्यावर ती पुन्हा एकटीच कपारीत गेली. या वेळी ती शिळेसमोर मांडी घालून बसली आणि खळग्यांतून बोट फिरवलं. बोटाला काळं लागलं. सकाळी तिला ती पणतीची काजळी वाटली होती. पण हे चमकत होतं, बारीक वाळूसारखं. सुरमा! कुणीतरी सुरमा घोटायच्या गोट्यानं दगड घासला होता. हे पाथरवटाचं हत्यार नव्हे. बाईचं होतं.

तिनं शिळेच्या मागे हात घातला. मागे, कुणाला दिसू नये अशा जागी काहीतरी गुळगुळीत लागलं. बोटाएवढी तावेरेत, गर्भारणींना सांभाळणारी, पोट पुढे काढून उभी असलेली पाणघोड्याच्या रूपातली देवी. दोऱ्यासकट. मूल हवं असणाऱ्या बायका ती गळ्यात बांधतात. वस्तीतल्या कितीतरी गळ्यांत वेर्नुरोनं स्वतः ती बांधली होती.

म्हणजे जिनं कान नेले, तिनं बदल्यात आपल्या गळ्यातली सगळ्यांत जपून ठेवलेली वस्तू देवीला देऊन टाकली होती.

जिला मूल हवं, ती मरणाची पूड कशाला नेईल?

४

संध्याकाळी ती बाळाला न्हाऊ घालायला कासाच्या गच्चीवर गेली. शेरीरे भिंतीला टेकून बसली होती. मधमाश्या वेलींच्या फुलांवर घोंघावत होत्या. खाली कासाच्या छिन्नीचा आवाज चालू होता, त्याला दुसरं काही करवत नव्हतं म्हणून.

"आजी, उद्या ते काय करतील गं याच्या बापाला?"

"उद्याचं उद्या. आधी हे कार्टं इकडे दे."

न्हाऊन झाल्यावर वेर्नुरोनं बाळाला दोन्ही हातांनी उचलून आपल्यासमोर धरलं. न्हाल्यानंतर उजव्या कानात फुंकर घालायची, ही तिची रोजची सवय. जगण्याचा श्वास. हा कान ती आजवर कधी शोधत बसली नव्हती. हात आपोआप वळत असे. आजही वळला. ती आपल्या डाव्या बाजूला झुकली, फुंकर घातली...

आणि तशीच थांबली.

बाळ तिच्याकडे बघत होतं. तिच्या डाव्या हाताला त्याचा उजवा कान होता.

"शिखरावरचे, माझे आई," ती म्हणाली आणि एकदम हसत सुटली. "अगं, आयुष्य गेलं माझं पोरांच्या कानांत फुंकण्यात!"

"काय झालं आजी?"

"काही नाही. तुझ्या पोरानं मला अक्कल शिकवली." तिनं बाळ खांद्यावर टाकलं आणि कोपऱ्यातल्या वाडग्यावर तिचं लक्ष गेलं. तिनं तो उचलून उजेडात धरला. तळाशी वाळलेलं दूध होतं, आणि दुधात हिरवट, रवाळ गाळ.

"हे बाळाला कुणी पाजलं?"

"ताई येते ना दुपारी, सगळे झोपले की मागच्या जिन्यानं. बोट दुधात बुडवून चाटवते. म्हणाली, औषध आहे, कुणाला सांगू..."

शेरीरेनं तोंडावर हात ठेवला.

"कुणाला सांगू नकोस," वेर्नुरोनं तिचं वाक्य पुरं केलं. "बरोबर आहे. पण आता सांगावं लागेल, बाई. नाहीतर बाळाचा बाप जाईल."

५

सकाळी पालखीचे ढोल वस्तीत वाजायला लागले, तेव्हा कपारीत पाच माणसं उभी होती. पेन्नुब, तबाकी, नेब्रे, वेर्नुरो आणि कासा. कासाला यायची मनाई होती, पण वेर्नुरोनं त्याला मनगट धरून आणलं होतं. त्याच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ होतं. तेही तिनंच त्याच्या हातात दिलं होतं.

"लवकर काय ते बोल," पेन्नुब म्हणाला. "देव निघालाय."

"देवाला वेळ आहे. नेब्रे, इकडे ये. माझ्यासमोर उभा राहा, माझ्याकडे तोंड करून. आता माझ्या उजव्या कानाला हात लाव."

नेब्रेनं उजवा हात उचलला, मग थांबला, मग डावा उचलून तिच्या कानाला लावला.

"कुठल्या हाताला आला?"

"माझ्या डाव्या... अरे!" तो शिळेकडे वळला.

"ही शिळा म्हणजे भिंत नव्हे. देवी आहे ती, आणि ती आपल्याकडे तोंड करून बसलीय. आपल्या डावीकडचे कान तिचे उजवे. कासा, तू सांग."

"उजवेच," कासा म्हणाला. कान गेल्यानंतर शिळा तो आज पहिल्यांदाच पाहत होता. "मी दुसरं कसं कोरीन? पाळ्या बघा ना, कुठल्या बाजूला वळल्यायत. मला कुणी विचारलंच नाही! आणि नेब्रे, तू चितारी ना रे?"

"घाबरलो होतो मी," नेब्रे पुटपुटला. "घाबरल्यावर माणूस आपलाच डावा-उजवा बघतो."

"तू एकटा नाहीस, मीही तेच केलं," वेर्नुरो म्हणाली. "म्हणजे मरणाचे कान कुणी नेलेच नाहीत. नेले ते जगण्याचे. वैर असतं, तर नागिणीचं तोंड फोडलं असतं, पेन्नुबचं नाव खोडलं असतं. नावाला धक्का नाही. खाली भुगा नाही, कारण त्या माणसाला भुगाच हवा होता, कणन् कण. घासलंय सुरम्याच्या गोट्यानं, म्हणजे बाईनं. आणि ती चोर नव्हती, कारण तिनं हे मागं ठेवलं." तिनं मूठ उघडली. तावेरेत उन्हात चमकली. "आता या वस्तीत जगण्याचा श्वास कुणाला कमी पडला होता, हे मी सांगायला हवं का?"

सगळ्यांचे डोळे कासाच्या हातातल्या दुपट्याकडे गेले. पेन्नुबचे मात्र तबाकीच्या गळ्याकडे गेले. तिथं नुसताच जुन्या दोऱ्याचा वळ होता.

"मी नेले," तबाकी म्हणाली. "तुम्ही तिकडे जायचं नाही म्हणालात. मी गेले. बाळ गार पडलं होतं. देवीला म्हटलं, हे कान आमच्यासाठी आहेत, आमचं मागणं ऐकायला. पण आमचं अजून जन्मालाही आलेलं नाही. हे आलंय आणि जातंय. आधी याचं ऐक." तिनं डोळे पुसले. "तुम्ही कासाचं नाव घेतलंत, तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तुमच्या नवसाचे कान मी संपवले, हे तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू? आता मूल झालं नाही, तर ते माझ्यामुळे."

पेन्नुब शिळेकडे वळला. वेर्नुरोनं हळूच खाकरून "मांजर" एवढाच शब्द उच्चारला.

"कळलं, कळलं!" पेन्नुब म्हणाला. मग बायकोकडे न बघता त्यानं एका दमात सांगून टाकलं, "रांजणामागे मासळीचा घडा आहे. नवस मोडला तो मी. पोट दुखलं ते त्यानं. तू काही संपवलं नाहीस."

तबाकी त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणून ते मांजर! आणि मी पेज करून करून दमले!"

नेब्रे पहिल्यांदा फिसकन हसला, मग कासा. पेन्नुबनं नाक ओढलं आणि हात पुढे केले. "आण ते पोर इकडे. बघू तरी, माझे कान कुणी खाल्ले ते."

कासानं बाळ त्याच्या हातात दिलं. मग खाली मान घालून कासा म्हणाला, "परत कोरून देतो कान. दगड जाड आहे. होईल."

"नको."

"गाढवाचे नाही वाटणार या वेळी."

"नको म्हटलं ना. ते खळगे तसेच राहू देत. माझ्या नावाखाली जागा आहे, तिथं हिचं नाव कोर. मोठं. मागितलं दोघांनी, पण ऐकलं ते हिचं."

वेर्नुरोनं तावेरेत पुन्हा तबाकीच्या गळ्यात बांधली आणि गाठ घट्ट ओढली. खाली ढोलांचा आवाज जवळ येत होता. नेब्रेनं घसा साफ केला.

"पेन्नुब, तू आज पालखीला काही विचारणार नसशील, तर मी विचारू का? आमच्या शिळेच्या जागेचं?"

"देवाला कशाला त्रास? घे सरकवून. चिचुंद्रीला म्हणावं, दुसरीकडे बघ."

एवढ्यात पेन्नुबच्या हातातल्या बाळानं डोळे उघडले, त्याच्या पिवळ्या चेहऱ्याकडे एकदा नीट बघितलं, आणि जे किंचाळायला लागलं, की कपारीच्या छतावरून धूळ खाली आली. पेन्नुबनं घाबरून त्याला उलटंसुलटं केलं, खांद्यावर घेतलं, पुन्हा खाली घेतलं. शेवटी त्यानं शांतता आवडणाऱ्या त्या देवीकडे पाहिलं, एका बाजूचेच कान उरलेल्या.

"बरं झालं, निम्मे नेले," तो म्हणाला. "नाहीतर बिचारीनं हे सहन केलं असतं कसं?"